जुन्या साच्यावरची कवळी

कवळीवाल्यांना सगळी गल्ली ओळखत होती, पण ते स्वतः माणसं ओळखत ती तोंडाच्या आतून. रस्त्यात कुणी हात केला तर नाव आठवायचं नाही. तो हसला की मात्र लगेच ध्यानात यायचं, वरची माझ्या हातची, खालची दुसऱ्या कुणाची तरी, आणि तीही धड नाही. छत्तीस वर्षं खिडकीपाशी एकाच टेबलावर बसून त्यांनी लोकांना दात दिले होते. दवाखान्यांतून मापं येत, कधी माणसंच माप द्यायला येत, हे प्लॅस्टरचे साचे ओतत आणि मेणात एकेक दात बसवत. काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दम मिळे, की जुन्या मापावर नवी कवळी करायची नाही. दात गेले की हिरडीखालचं हाड आपलं झिजतच जातं, जबडा दरवर्षी थोडा थोडा आटतो. दहा वर्षांपूर्वीचा साचा म्हणजे दुसऱ्याच माणसाचं तोंड, असं ते बोट नाचवून सांगत.

आणि नेमकी हीच चूक त्यांनी स्वतःच्या बायकोच्या बाबतीत केली.

बायको वर्षभर आजारी होती. वजन इतकं उतरलं होतं की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरके. जुनी कवळी तोंडात खुळखुळायला लागली, बोलता बोलता खाली यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, यांच्या पोटात चावून खाल्लेलं अन्न जायला हवं, नुसत्या सूपावर अंग धरणार नाही, आणि अंग धरलं नाही तर पुढचे उपचार त्यांना सोसणार नाहीत.

कवळीवाले त्याच दिवशी कामाला लागले. पण माप घ्यायचं म्हणजे तिच्या तोंडात बोटं घालायची, आत काय उरलंय ते चाचपायचं. एवढी त्यांची छाती झाली नाही. तुझं तोंड मला पाठ आहे, असं म्हणून त्यांनी फळीवरून तिचा दहा वर्षांपूर्वीचा साचा काढला, धूळ झटकली आणि अकरा दिवस त्यावर खपले. लग्न झालं तेव्हा तिचा डावीकडचा वरचा सुळा जरा तिरका होता, तोसुद्धा आठवणीनं तसाच बसवला. नवी कवळी घातल्यावर गाल भरले, ओठ वर आले, आरशात पूर्वीची ती दिसायला लागली. लेक तर रडलीच. बायको म्हणाली, छान झालीय. जन्मभर यांच्या प्रत्येक कामात खोट काढणारी ही बाई नुसतं छान म्हणून थांबली, तिथंच पाणी मुरत होतं. पण कवळीवाले हुरळून गेले होते, त्यांना कुठलं कळायला!

दीड महिना गेला. यांच्या समोर ती जेवायला बसे, सावकाश का होईना पण ताट रिकामं होई, आणि वजन मात्र उतरतच होतं. एका सकाळी कवळी घासायला म्हणून त्यांनी हातात घेतली आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात धरली. दीड महिना चावलेल्या दाढांवर बारीक रेघा उठतात, चकाकी जाते. इथं दाढा काल घडवल्यासारख्या कोऱ्या होत्या. उलटी करून पाहिली तर आतल्या बाजूला कापसाचे धागे चिकटलेले.

विचारलं तर तिनं आधी उडवाउडवी केली, मग सांगून टाकलं. कवळी नुसती जागेवर ठेवायलाच गाल आणि जीभ थकून जात. चावायला गेलं की खालची उचलली जाई आणि हिरडी सोलवटून निघे. म्हणून आत कापूस लावून ती चारचौघांत वेळ मारून नेई. ते टेबलाशी जाऊन बसले की काढून ठेवी. त्यांच्यासमोरचे घास गालात दाबून ठेवी आणि मधूनमधून उठून बेसिनमध्ये थुंकून टाकी.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही तो सुळा तिरका बसवलात ना, मग बोलवेना."

कवळीवाले उठले, हात धुतले आणि तिच्या तोंडात बोटं घातली. खालच्या जबड्यावर पूर्वी करंगळीएवढी जाड कड होती, तिथं आता सुतळीएवढी लागली. चावा कसा बसतो ते बघायला त्यांनी दोन जबड्यांमध्ये मेणाची पट्टी ठेवली, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोटं टेकली आणि हजारो लोकांना म्हटलं तसं म्हणाले, "दाब."

दाबलं की तिथला स्नायू गोटीसारखा टच्च फुगतो, कानशिलावरचाही त्याच्याबरोबर उठतो. अंगात एवढ्याशा जागेत एवढा जोर दुसरीकडे कुठं नाही, असं ते कौतुकानं सांगत. बोटं वाट बघत राहिली. कातडीखाली काहीतरी जरासं सरकलं, तेवढंच.

"दाबतेय की," ती मेण धरूनच म्हणाली.

डॉक्टरीणबाई जे बोलायचं टाळत होत्या ते त्यांना स्वतःच्या बोटांनी सांगितलं. दीड महिना आपण हिला आपल्या हातानं उपाशी ठेवलं, हा विचार तेव्हापासून त्यांना सोडून गेला नाही.

दुसरी कवळी तीन दिवसांत झाली. दिसायला अगदी सुमार, दात बसके आणि बुटके, सुळा सरळ. गाल बसलेलेच राहिले. बायकोनं आरसा बाजूला सारला आणि गाजर मागितलं. लेकीनं चकत्या करून दिल्या. पहिली चकती करकन तुटली तशी तिनं डोळे मिटले आणि आख्खं गाजर संपेपर्यंत उघडले नाहीत. मग म्हणाली, गाजर जून आहे, आणि उजवीकडची दाढ तुम्ही उंच ठेवलीत. कुणाच्या तक्रारीनं त्यांना आजवर एवढा आनंद झाला नव्हता. लगेच कानस घेऊन त्यांनी ती दाढ घासून दिली.

बावीस दिवस ती जेवली. मग एका दुपारी गेली. हे सगळं दीड महिना आधी झालं असतं तर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तसं काही सांगता येत नाही. काही फरक पडला नसता, असं त्या म्हणाल्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं.

माणूस गेल्यावर जबडा आखडायच्या आत कवळी बसवावी लागते. लेकीनं खणातून पहिली काढून आणली, तिरक्या सुळ्याची.

"बाबा, ही घाला ना. हिच्यात आई आईसारखी दिसते."

"ती तिनं माझ्यासाठी घातली होती," ते दुसरी हातात घेत म्हणाले. "जेवली ती हिच्यात."

त्यांनी घासलेल्या दाढेची कवळी धुतली, हळूच जागेवर बसवली आणि हनुवटी खालून उचलून धरली. बोटं आपसूक जबड्याच्या कोपऱ्यांवर गेली.

"दाब," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि बोटं तिथंच वाट बघत राहिली.