लाकडी भांड्यातली थंड वाफ

सभाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चटईवर चार पायांचं मोठं लाकडी भांडं होतं आणि त्यातल्या पाण्यातून पांढरी वाफ वर येत होती. खाली चूल नाही, निखारा नाही. हात धरला तर वाफ गारेगार.

"हा श्वास आहे," प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणारा ब्रदर मासोए सांगत होता. "हा कारखान्यात बनत नाही, बाटलीत मावत नाही. दमेकऱ्यानं वाकावं, छातीत ओढावा आणि घरचं औषध समुद्रात टाकावं. अर्धा विश्वास इकडे नि अर्धा दवाखान्यात, असं चालायचं नाही."

तीन आठवड्यांपूर्वी हा माणूस एक बॅग घेऊन फेरीबोटीनं आमच्या सावाई बेटावर उतरला होता. आता तो राहत होता त्या घरामागे लोकांनी वाहिलेली तीन डुकरं बांधलेली होती.

मी गावच्या दवाखान्यातली नर्स. पुढच्या रांगेत बसलेला योएलू माझा पेशंट. तीस वर्षं बस चालवली, तितकीच वर्षं दमा. ऑकलंडच्या लेकीनं त्याला अल्ट्रासॉनिक नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ करणारं यंत्र, पाठवलं होतं आणि त्याच्या बायकोला, सुलियाला, ते वापरायला मी चार दुपारी शिकवलं.

"खालच्या भांड्यात या रेघेपर्यंत पाणी, वरच्या पेल्यात औषध," मी म्हणाले. "तळाशी चकती आहे. ती इतकी भरभर थरथरते की बारीक तुषार उडतात. तापत काही नाही."

"आणि पाणी कमी पडलं तर, पोरी?"

"वाफ थांबते. घाबरू नका मावशी, पाणी घाला."

चौथ्या दिवशी तिनं स्वतः मास्क लावला. योएलूची छाती मोकळी झाली. "इतकी वर्षं मी बस चालवली," तो म्हणाला, "आता बायको मला चालवते."

मासोए आला आणि ते यंत्र फडताळात गेलं. मी तीनदा समजवायला गेले. गावच्या प्रमुखांकडेही गेले. ते म्हणाले, "लोक गातात, प्रार्थना करतात. यात वाईट काय?"

त्या दुपारी सभाघरात योएलू भांड्यावर वाकला. नुसत्या पाण्याच्या तुषारांनी दमेकऱ्याच्या श्वासनळ्या उलट आवळतात. मी मागून ओरडून सांगत होते, पण गाण्यात माझा आवाज बुडाला. योएलू खोकू लागला, छातीतून शिट्टी यायला लागली.

"रोग बाहेर पडतोय," मासोए म्हणाला. "आणखी वाका."

सुलिया उठली. तिच्या हातात नारळाची करवंटी होती. "ब्रदर, थोडं पवित्र पाणी घेते."

त्यानं हो-नाही म्हणायच्या आत तिनं उपसायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातव्या करवंटीला वाफ थांबली आणि गाणंही थांबलं. तिनं भांड्यात हात घालून धातूची चकती वर काढली. तिची वायर भांड्याच्या पोकळ पायातून, चटईखालून, कोपऱ्यातल्या एका पेटीमागच्या बॅटरीपर्यंत गेली होती.

"माझ्या घरीही हेच आहे," सुलिया म्हणाली. "फक्त माझ्या यंत्रात औषध असतं."

योएलूला आम्ही उचलून घरी नेलं. सुलियानं पाणी भरलं, मी दिलं तेवढंच औषध घातलं, मास्क घट्ट बसवला. कुठेही चुकली नाही. पण श्वास ओढायचं बळच त्याच्यात उरलं नव्हतं. हॉस्पिटलच्या वाटेवर, ट्रकमध्ये, तो गेला. मास्क तिनं तसाच धरून ठेवला होता.

"मी सगळं बरोबर केलं ना?"

"हो मावशी," मी म्हणाले.

सकाळच्या बोटीनं मासोए पसार झाला. गाव चिडेल असं मला वाटलं होतं. पण लोक आपापल्या कामाला लागले. दफनानंतर दमा असलेल्या एका मुलीची आई माझ्याजवळ आली. "चकती यंत्राची असेल, पण वाफेत काही गुण असू शकतो ना?"

तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. पाण्यात जे घातलेलं असतं तेच वाफेत येतं. छातीत काहीही ओढण्याआधी विचारा, यात काय आहे, आणि कुणी घातलं. चालू औषध बंद करायला सांगणाऱ्यासमोरून सरळ उठून या.

तिनं मान डोलावली. मग हळूच विचारलं, "ब्रदर आता कुठल्या गावात असतात?"

"मुलीला उद्या दवाखान्यात आणा," मी म्हणाले.

ती अजून आलेली नाही.