पाठीवरची बोटं

बालवाडीच्या एवढ्याशा खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. आईबाप, आजीआजोबा, पलीकडच्या गल्लीतले रिकामटेकडे, सगळे लोटले होते. कारण समोरच्या बाकावर साक्षात 'बालगुरू' बसले होते. वय वर्षं पाच. मागे शाल पांघरून बसलेला त्याचा सख्खा मामा, भाच्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. मुलाची आई भिंतीला टेकून कौतुकाने बघत होती.

"माझ्या बोटांतून ज्ञान उतरतं!" मामा गरजला. "बोल राजा, आठ आणि नऊ किती?"

राजाने डोळे मिटले. "सतरा!"

खोलीने आ वासला आणि मग टाळ्यांनी छप्पर उडवलं.

"आणि आपली कार्टी बघा," शिंपीदादा बायकोला म्हणाला, "दिवसभर वाळू उपसतात."

मामाने तेवढंच उचललं. "वाळू, ठोकळे, चिखल! ही काय शाळा आहे? हा कचरा आजच बाहेर काढा. उद्यापासून इथे ज्ञानस्पर्शाचा वर्ग. घरोघरी बालगुरू!"

घरोघरी! जणू वाण्याकडून साखर आणायची होती. ठोकळ्यांची टोपली कुणीतरी आधीच दाराबाहेर नेऊन ठेवली होती. ती पाहून बालवाडीच्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडण्याआधी बघायचं, ही सवय पोरांनीच तिला लावली होती. तिने वर्गातली काही मुलं समोर ओळीने बसवली आणि कपांचा ट्रे बालगुरूपुढे धरला.

"बाळा, या मुलांना एकेक कप द्यायचाय. पुरतील का रे?"

मुलाने कपांकडे पाहिलं नाही, मुलांकडेही नाही. डोळे मिटून त्याने पाठ मागे रेलली आणि तो वाट बघत राहिला.

"असले क्षुद्र प्रश्न बालगुरूंना विचारत नसतात!" मामा घाईने म्हणाला.

ती रेललेली पाठ ताईच्या चांगली ओळखीची होती. तिच्या वर्गात रोज एक खेळ चाले. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने पाठीवर बोट वाजवायचं, आणि जितक्यांदा वाजेल तितके खडे पहिल्याने उचलायचे. डोळे मिटलेलं प्रत्येक पोर पाठ अशीच मागे करतं.

मामा हात उंचावून गर्दीला आशीर्वाद द्यायला उठला, तशी ताई मुलामागे टेकली. "शिंपीदादा, विचारा काहीतरी. अगदी सोपं."

"दोन आणि दोन किती?"

ताईने पाठीवर बोट वाजवलं.

"सात!" मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला.

"अरे, नीट सांग. दोन आणि दोन?"

"तीन!"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. "परका हात लागला! ज्ञान बाटलं!"

"बाटलं कसलं? बेरीज तुम्ही करता, अंगठ्याने याच्या पाठीवर वाजवता. हा बिचारा नुसता मोजतो."

मुलगा वळून अगदी समजुतीने म्हणाला, "ताई, दहा असले ना, तर या डाव्या खांद्यावर वाजवायचं." मग त्याला मामा दिसला आणि त्याचा आवाज चिरकला. "मामा, मी बरोबर मोजलं! मला कोंडू नको!"

आई गर्दी फाडत पुढे आली. तिने पोराला उचललं आणि भावाला दोनच शब्द ऐकवले, "चालता हो."

मामा निघाला. पण ताईचा राग त्याच्यावर संपला नाही, गर्दीकडे वळला. "लबाड तो होताच. पण टाळ्या तुम्ही वाजवल्यात! पाच वर्षांचं पोर इतका वेळ ताठ बसतं, हे एकालाही खटकलं नाही? सतरा म्हणता आलं म्हणजे सतरा कळलं का? पोर हाताने ओततं, सांडतं, रचतं, पाडतं, तेव्हा त्याला कळतं. पुढचा बाबा आला की एवढंच म्हणा, जरा हात बाजूला घे, मग दाखव."

शिंपीदादा गुपचूप टोपली उचलून आत घेऊन आला.

आईच्या कडेवरून उतरून मुलगा ट्रेपाशी गेला. भीत भीत त्याने एकेका मुलापुढे कप ठेवला. शेवटच्या मुलीपाशी हात रिकामे राहिले. तो मागे रेलला, पण मागे कुणीच नव्हतं. त्याने ट्रेमध्ये पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "एक कमी आहे."

सतराला छप्पर उडवणाऱ्या त्या खोलीत या उत्तराला एकही टाळी पडली नाही. खरं तर तीच वाजवायला हवी होती.