तानाबाईचा आठवडा

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नसू दे. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर चाळीस वर्षं मी खरंच सांगत आलोय, आणि चाळीस वर्षं लोक दूध पिऊन, मिशा पुसून, हसत घरी गेलेत. पण माझ्या मोना म्हशीनं एका सुटाबुटातल्या कंपनीला नाक घासायला लावलं, तेही तिच्याच रिसॉर्टात, तिच्याच पोहायच्या तलावात बसून, हे मी आईची शपथ घेऊन सांगतो. आई वारून बावीस वर्षं झाली, त्यामुळं तिची काही हरकत नाही.

विषय निघाला सम्राटमुळं. हा शिरोलीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, आमच्या कट्ट्याचं रोजचं गिऱ्हाईक. काल सांजच्याला आला तो हातात एक गुळगुळीत कागद घेऊनच. कागदावर समुद्र, माड आणि पांढऱ्या कपड्यातलं हसणारं कुटुंब. येत्या रविवारी एका हॉटेलात त्याला आणि त्याच्या बायकोला, संयोगिताला, फुकट जेवायला बोलावलं होतं. कंपनीची योजना अशी की एकदाच पैसे भरायचे आणि पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा, तिच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टातली खोली आपली. पण फौंड्रीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कंपनीकडनं थेट घेऊ नकोस, आधी घेऊन पस्तावलेला एखादा गाठ, त्याचा आठवडा स्वस्तात मिळतो. तर आण्णा, थेट घेऊ का जुना घेऊ, असं तो मला विचारत होता.

कागद बघितल्याबरोबर माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. तेच कुटुंब. सहा वर्षं झाली, त्यातल्या बारक्या पोराला एक दात नवीन आला नव्हता.

आमची तानाबाई तेव्हा मोनाखाली बसली होती, आमच्याकडं पाठ करून, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून. कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि गरम फेसाचा ग्लास हातात द्यायचा, हा आमचा धंदा. मोना तानाबाईशिवाय दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू देत नाही. मी एकदा लावला होता. माझा पुढचा दात त्या दिवसापासनं नाही.

मी सम्राटला म्हटलं, बस. ग्लास संपव आणि ऐक.

सहा वर्षांपूर्वी आम्ही प्रदर्शनात एक चिठ्ठी भरली होती, गाडी लागेल म्हणून. गाडी राहिली, फोन आला. अभिनंदन, बक्षीस आहे, जोडीनं या. तानाबाईनं लग्नातलं लुगडं नेसलं. हॉटेलात आम्हाला तीन तास बसवून घेतलं. टायवाला एक पोरगा समोर, माझ्या धाकट्याच्या वयाचा. त्यानं मला फारसं काही विचारलंच नाही. त्यानं तानाबाईला विचारलं, काकू, तुम्ही घराबाहेर शेवटचं कधी झोपलात? ती बोटांवर मोजायला लागली. मोजून म्हणाली, एकतीस वर्षांमागं, धाकट्याच्या बाळंतपणाला. कुरुंदवाडला, म्हायेरात.

पोरग्यानं डोळ्याला रुमाल लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, एकतीस वर्षं. आणि काकूंना द्यायला तुमच्याकडं एक आठवडा नाही?"

माझा राग आहे तो इथं आहे. त्यानं मला फसवलं याचं काही नाही. जनावरांच्या बाजारात मीही दोन म्हशी अशा विकल्यात की घेणारा अजून माझ्या गल्लीतनं जात नाही. पण त्यानं माझ्याच बायकोचे हात धरून माझा गळा आवळला. आणि ते सुद्धा तिच्यासमोर. ती तिथं माझ्याकडं बघत बसली होती. अशा वेळी नाही म्हणणारा नवरा कोल्हापुरात असेल तर मला दाखवा, मी त्याला रोज दोन लिटर फुकट घालतो.

आठवड्यांना रंग होते. पावसाळ्यातला निळा, अधलामधला पांढरा, आणि सगळ्यात भारी तो लाल. मी म्हटलं, लालच द्या, आम्हाला हलकं चालत नाही. लाल म्हणजे दिवाळीचा आठवडा. सही ठोकली, पेढे खाल्ले, घरी आलो आणि कॅलेंडर बघितलं.

कोल्हापूरचा गवळी दिवाळीच्या पाडव्याला गाव सोडत नाही. त्या दिवशी म्हशी धुवायच्या, शिंगं रंगवायची, त्यात मोरपिसं खोवायची, गळ्यात घुंगरू बांधायचे, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलीमागं आपापली म्हैस पळवायची. धन्याची गाडी गेली की म्हैस वाऱ्यासारखी मागं सुटते, आणि सगळं गाव दोन्ही बाजूला उभं. त्या दिवशी गवळी दारात दिसला नाही तर लोक तिरडीची चौकशी करतात.

आणि पाडव्याचं सोडा. म्हशीला मुळात रविवार कळत नाही. सकाळ-सांज धार निघायलाच पाहिजे. चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेला मी, आणि एका टायवाल्यासमोर तीन तासांत हे विसरलो. त्याला शिव्या घालून झाल्या की रोज उरलेल्या मी स्वतःला घालतो.

पहिल्या वर्षी तानाबाईनं तरीही पिशवी भरली होती. दोन लुगडी, चिवड्याचा डबा, आणि समुद्रावर घालायला म्हणून मुद्दाम आणलेली रबरी चप्पल. पाडवा आला, पाडवा गेला. चप्पल फडताळात कागदात गुंडाळून ठेवली. अजून तिथंच आहे. तिनं त्यावर मला एक शब्द सुनावला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

मी कंपनीला फोन करायला लागलो. लाल नको, निळा द्या, भर पावसातला द्या, चार दिवस म्हशी बघायला तानाबाईच्या भावाला बोलवतो, मोनाला त्याच्या हाताची सवय लावतो. तिकडनं एक पोरगी गोड आवाजात म्हणायची, सर, उपलब्ध नाही. आणि मला बासरी ऐकवत ठेवायची. पाच वर्षं मी ती बासरी ऐकली. वर दर वर्षी देखभालीचे पैसे वेगळे. जिथं मी पाय ठेवला नाही त्या खोलीची झाडलोट माझ्या दुधावर चालली होती.

मग आठवडा विकायला काढला. लगेच एकाचा फोन आला, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी नोंदणीचं भरा. भरलं. त्या दिवसापासनं त्याचा फोन बंद आहे. आणि आमच्या शेजारचा जोतीराम, त्यानं त्याच रिसॉर्टातला, त्याच लाल रंगाचा आठवडा एका रिटायर मास्तराकडनं जवळजवळ फुकटात घेतला. मास्तर म्हणाले, नावावर करायचा खर्च तू कर आणि मला यातनं सोडव. जोतीरामाचं स्टेशनरीचं दुकान, कुलूप लावलं की झालं. गेला, आला, आणि कट्ट्यावर बसून समुद्राचे फोटो दाखवले. तानाबाईनं एकेक फोटो बोटानं मोठा करून बघितला. आठवडाभर त्याच्या घरी जाणाऱ्या दुधात मी पाणी घातलं. हे त्याला सांगू नका.

"म्हणजे जुनाच घ्यावा म्हणता?" सम्राटनं विचारलं.

मी म्हटलं, कुठलाही घे, पण आधी गेल्या वर्षीचं ऐक. आता कट्ट्यावर आणखी चौघं जमली होती. दोघांनी एकमेकांना डोळा घातला तो मला दिसला. मी सोडून दिलं.

गेल्या दिवाळीला माझं डोकं फिरलं. आठवडा बदलून मिळत नाही, पाडवा सोडता येत नाही, मोना तानाबाईशिवाय पान्हा सोडत नाही. मग राहिलं काय? पाडवाच उचलून रिसॉर्टावर न्यायचा. पहाटे मोनाला धुतली, शिंगं लाल रंगवली, मोरपिसं लावली. मोटरसायकलीचा सायलेन्सर काढला. मागच्या सीटवर तानाबाई, मांडीवर पिशवी, पिशवीत ती रबरी चप्पल. गाडीला किक मारली आणि रत्नागिरीचा रस्ता धरला. मागं मोना.

मलकापुरात हवालदारानं अडवलं. म्हणाला, मागच्या गाडीला नंबर प्लेट नाही. मी म्हटलं, साहेब, शेपटी उचलून बघा. त्यानं उचलली. त्यानंतर त्यानं आम्हाला अडवलं नाही, तोंड धुवायला गेला. आंबा घाटात धुकं असं की मला माझं हँडल दिसेना. मागं पन्नास गाड्या तुंबलेल्या. सगळा घाट मोनाच्या घुंगरावर खाली उतरला. एका बसचा ड्रायव्हर खाली उतरून तिच्या पाया पडला.

"लांबी केवढी हाय हो आण्णा त्या रस्त्याची?" जमलेल्यांतला एकजण बोलला.

मी म्हटलं, तू मोज जाऊन.

रिसॉर्टाच्या दारात वॉचमन म्हणाला, जनावर चालत नाही. मी कंपनीचा कागद काढला. चाळीस पानं, मुंगीच्या अक्षरात. मी म्हटलं, ह्यात लिवलंय की कुटुंबातली चार माणसं. आम्ही दोन आलोय, दोन जागा रिकाम्या, ही एकटीच दोघांच्या वजनाची आहे. म्हैस चालत नाही असं कुठल्या पानावर आहे तेवढं दाखव. तो वाचायला बसला. तो अजून वाचतोय. आम्ही आत गेलो.

आत मोनाला तो निळा तलाव दिसला. सव्वाशे किलोमीटर पळालेली म्हैस, तुम्हीच सांगा. ती अशी बसली की अर्धं पाणी बाहेर, आणि मुंबईपुण्याची चार माणसं पाण्याबरोबर खुर्च्यांवर जाऊन बसली. मॅनेजर पळत आला. सर, सर, करत. फोनवरच्या त्या पोरीसारखाच आवाज, तोच गोडवा. मी म्हटलं, मोना बाहेर यायची न्हाय. उपलब्ध न्हाय. आणि खिशातनं बासरी काढून त्याला वाजवून दाखवली.

इथं कट्टा हसला. सम्राट हसला. मला जोर आला. पाच वर्षांचं साठलेलं होतं, ते नुसतं बाहेर पडायला लागलं.

मॅनेजरनं साखळदंड आणला, मोनानं शिंगावर घेतला. मोठ्या साहेबाला फोन लावला, साहेब म्हणाला पोलीस बोलवा. तेवढ्यात सांज झाली. मोना आपल्या वेळेला आपण होऊन बाहेर आली. तानाबाईनं तलावाच्या पायरीवरच बूड टेकलं आणि चरवी मांडीत धरली. तिथल्या लोकांनी उभ्या जन्मात फेसाचं दूध बघितलेलं नाही. एक म्हातारी आली, प्याली, रडली. मग रांग लागली. जेवणाच्या हॉलात छत्तीस पदार्थ गार पडले, आणि सगळं रिसॉर्ट ग्लास घेऊन आमच्यापुढं. सकाळी पुन्हा रांग. तिसऱ्या दिवशी लोकांनी मॅनेजरला लिहून दिलं की म्हैस जाईल तर आम्हीही जाऊ. चौथ्या दिवशी तो टायवाला पोरगा स्वतः आला, टाय सोडून हातात घेतलेला. पाया पडला. म्हणाला, काका, काय पाहिजे ते मागा.

मी पैसे मागितले नाहीत. ऐक, सम्राट, हे महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, तू माझ्या बायकोला एक प्रश्न विचारला होतास. तोच आता तुझ्या आईला विचार, आत्ता, माझ्यासमोर, फोन लाव. त्यानं लावला. त्याची आई पलीकडनं काय म्हणाली कुणास ठाऊक, पण पोरगा खाली बसला. उठल्यावर त्यानं कोऱ्या कागदावर लिहून दिलं की ह्या बाईला वर्षातला कुठलाही आठवडा, कुठल्याही रंगाचा, ती म्हणेल तेव्हा. खाली सही, शिक्का.

"आणि काकू?" सम्राटनं विचारलं. तो आता हसत नव्हता. "काकूंनी बघितला समुद्र?"

"बघितला म्हंजे? सात दिवस पाण्यात पाय सोडून बसली हुती. रबरी चप्पल घालून. हातात शहाळं. छत्तीस वर्षात पहिल्यांदा बाईच्या हाताला काम न्हाय. एक काडी इकडची तिकडं केली न्हाय तिनं."

मोनाखालचा धारेचा आवाज थांबला होता, तो कधी थांबला ते मला कळलं नाही. तानाबाई उठली. चरवी दगडावर ठेवली, पदराला हात पुसले आणि सम्राटच्या समोर येऊन उभी राहिली.

"सम्राट, बाळा, गेल्या पाडव्याला मी हितंच हुतो. त्याच्या आदल्याबी. समुद्र मी अजून बघितलेला न्हाय. तू रविवारी जा न्हाईतर जाऊ नगंस, पर ह्यांचं ऐकून काय ठरवू नगंस."

मी म्हटलं, अगं, गंमत चाललीय. तेव्हा ती माझ्याकडं वळली.

"अवो, साऱ्या रिसॉर्टाला सकाळ-सांज दूध पाजलासा. मोना तुमास्नी हात लावू देत न्हाय. मग धार कुणी काढली? मीच की. आनि वर म्हणतासा हाताला काम न्हवतं." तिचा आवाज चढला नव्हता. "खरा आठवडा तुमच्या हातात न्हवता, ते मी कवाच सोडून दिलं. पर ह्यो तर तुमच्या तोंडातला हुता. त्याला कुठल्या कंपनीची परवानगी लागत हुती? खोटं सांगतानाबी तुमी मला म्हशीखालीच बसीवलासा."