कागदावर चालू

केरबानं बायकोला, धुरपताबाईला, जीपच्या मागच्या बाकावर निजवलं, तिच्या पायाला आवळलेलं फडकं चाचपलं आणि दार ओढायला हात घातला, तर कडीला तांब्याची तार. तीन वेढे, शेवटचा उलटा. असा वेढा साऱ्या मुलखात एकच माणूस द्यायचा, आणि तो केरबाच.

"चढा ना काका," आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर गुंडप्पा म्हणाला. "मन्यार चावली असंल तर येळ न्हाई. इंजेक्शन लातुरातच हाय."

केरबा चढला, पण विहिरीत पाय सोडावा तसा.

केरबा सरकारी ड्रायव्हर असताना ही जीप बारा वर्षं त्याच्या हाताखाली होती. पत्रा जुन्या काळचा, बैल धडकला तर बैलानंच माफी मागावी असा. बहात्तरच्या दुष्काळात केरबा स्वतः खारं पाणी प्यायचा आणि हिच्या रेडिएटरला पाच कोसांवरून गोडं आणून पाजायचा. पेट्रोल तिपदरी धोतरातून गाळल्याशिवाय टाकीत गेलं नाही. आणि नवा जिल्हा होऊन गाड्यांची वाटणी ठरली, तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून ह्याच हातांनी त्यानं हिचा कार्बोरेटर उतरवला. चांगला माल परक्यांना कशाला द्यायचा? कार्बोरेटर म्हणजे गाडीचं नाक. तो नसला तर इंजिन खोकतसुद्धा नाही. कागदावर 'चालू' लिहिलं, गाडी ट्रकवर चढवून नव्या जिल्ह्याला पाठवली. पुढच्याच महिन्यात केरबा निवृत्त होऊन गावी आला. गावही आता नव्या जिल्ह्यात.

"हिचा कार्बोरेटर कवा बदलला?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काहीच बदललं न्हाई. ट्रकवरून उतरवली, चावी फिरवली, सुरू. दोन महिन्यांत एकदा रुसली न्हाई. मेकॅनिकला दाखवू म्हनलं, तर आमचे साहेब म्हनले, चालत्या गाडीचं बोनट कशाला उघडायचं?"

"म्हंजे कुनी बघितलंच न्हाई."

"न्हाई."

केरबानं बायकोचा हात धरला. तिच्या पापण्या जड होत होत्या. दोन्ही अंगांना रान भेगाळलेलं, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपलेली. औशाच्या अलीकडं चढावर इंजिनाचा आवाज जरा बसला. गुंडप्पानं गाडी कडेला घेतली, चालूच ठेवून खाली उतरला आणि बोनटच्या खिटीला हात घातला.

केरबानं उडी टाकून त्याचं मनगट धरलं.

"उघडू नको."

"तापली असंल काका. पानी बघतो."

केरबानं तळवा पत्र्यावर टेकवला. भर दुपार, मागं वीस मैलांची धाव, आणि पत्रा माठासारखा गार. आत काहीतरी संथ चाललं होतं, झोपलेल्याच्या श्वासासारखं.

"तशीच चालव," तो म्हणाला. "आन् हिसका देऊ नको."

गुंडप्पानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि गाडी हाकली.

दिवस कलता कलता डॉक्टर बाहेर आले. वेळेत आणलंत, म्हणाले. अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. उद्या घरी न्या.

केरबा दवाखान्याच्या पायरीवर टेकला. जीप समोर लिंबाखाली, बंद. गुंडप्पा शेजारी येऊन बसला, तेव्हा केरबानं त्याच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. स्पॅनर कोणता वापरला, तेही.

गुंडप्पा काडी चावत बसला. दचकला नाही.

"लई वाईट केलं काका." मग काडी थुंकून मोठ्यानं म्हणाला, "आता माझं ऐका. दोन महिने झाले, मी बी टाकीचं झाकन उघडलेलं न्हाई. चिठ्ठीवरचं पेट्रोल मेव्हन्याच्या फटफटीत जातंय."

केरबानं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि लिंबाकडं पाहिलं.

"हळू बोल," तो कुजबुजला. "तिला ऐकू जाईल. अजून धुरपताला घरी न्यायचंय."