रिठ्याच्या दोन चिमट्या

मयुरीनं रडवेल्या आवाजात बोलून फोन ठेवला, तेव्हापासून पंचफुलाबाईचं कामात लक्ष नव्हतं.

नात नागपूरला रिठ्याच्या फेसावर पीएचडी करत होती. रिठा घरचाच, सिंदी मेघे गावातल्या परसातला. फेस करणाऱ्या त्या एका रेणूचं वजन किती, एवढंच तिला काढायचं होतं. तिथं तराजू चालत नाही. पाण्यात हलका रेणू तुरुतुरु हिंडतो, जड रेंगाळतो; एनएमआरचं मशीन ती चाल मोजतं, आणि चालीवरून वजन कळतं, असं तिनं आजीला समजावलं होतं. आज वजन भलतंच जास्त आलं. सर म्हणाले, अर्कच अशुद्ध आहे. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर रिठा सोड, दुसरा विषय घे.

काय झालं ते पंचफुलाबाईला ठाऊक होतं. काल मयुरी घरी आली होती; नागपूरला न्यायला तिनं अर्क भरून ठेवलेली बाटली पंचफुलाबाईनं उजेडात धरली. नुसतं पाणी. ज्या घरानं पाहुण्याला कधी पातळ वरण वाढलं नाही, तिथून मोठ्या लोकांपुढं हे जाणार? बाजूच्या डबीतली अर्काची भुकटी तिनं दोन चिमट्या टाकून हलवली.

आता सांगावं, तर सून सुलोचना समोरच शेंगा सोलत बसलेली. जन्मभर तिच्या चुका काढल्या, स्वतःची एक कबूल केली नव्हती. सुनेला दुकानात पिटाळावं असं मनात आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. तिनं फोन लावला.

"मयुरी, रिठा चांगला हाये. त्या बाटलीत मीच अजून टाकला. लय पातळ दिसत होता."

सुलोचनाचे हात थांबले.

"किती टाकला, आजी?"

"दोन चिमट्या. माह्या चिमट्या."

मयुरीनं मोठा श्वास सोडला. दाटी झाली की हे रेणू एकमेकांना बिलगून गोळे करतात, म्हणाली. मशीननं एकेकाची नाही, घोळक्याची चाल मोजली. आता पातळ करत जाते, वजन उतरायचं थांबलं की तेच खरं. "अन् माह्या बाटलीले हात लावजो नको."

सुलोचना टक लावून पाहत होती, तेच पंचफुलाबाईला जास्त झोंबलं.

"काऊन पाहून राह्यली? शेंगा सोल."

दिवे लागले तरी फोन मुका. पंचफुलाबाई ओसरीतून आत, आतून ओसरीत. वाजला तेव्हा सुलोचनानंच तो उचलून तिच्या कानाला धरला.

"रेणू एकेकटे सुटले, आजी. वजन जमलं. सर बी मानले."

पंचफुलाबाईनं फोन खाली ठेवला. जरा वेळानं सुलोचना ताट घेऊन आली.

"आत्याबाई, वरण जरा पातळ झालं."

"वाढ," ती म्हणाली. "आज चालते."