मेंढीच्या पाठीवरचा चट्टा

बायका त्वचारोगाच्या तपासणीला का येत नाहीत, यावर मी तीनशे पानं लिहिली, दिल्लीत भाषणं ठोकली. मग मंठाळला शिबिर लावलं. दुपारपर्यंत एकट्या म्हाळसाबाई आल्या, त्याही मेंढी घेऊन.

“मी माणसांची डॉक्टर आहे हो!” मी खेकसले.

“ठाव हाय, अक्का. पर हिच्या पाठीवर चट्टा पडलाय. टोचलं तरी कळत न्हाई. माझाच हाय म्हणलं, तर पोरीचं लगीन मोडंल.”

मी पडदा ओढला आणि म्हाळसाबाईंची पाठ तपासली. कागदावर रुग्णाचं नाव लिहिलं: मेंढी.

दुसऱ्या दिवशी सतरा बायका रांगेत होत्या. मेंढी मात्र एकच. तपासून बाहेर येणारी तिचं दावं आत जाणारीच्या हातात देत होती.