बुटक्याची किल्ली

टण्ण!

स्वयंपाकघरातली शांतता दचकली. सासऱ्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून सुनेसमोर स्टीलच्या ताटलीत टाकली होती.

"संध्याकाळी धाकटा गाडी घेऊन येईल," ते म्हणाले. "त्याला बुटका देऊन टाका."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, घरातल्या सगळ्यांचे काका. आणि बुटका म्हणजे घरचा छोटा ट्रॅक्टर. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं पिल्लू वाटावं एवढासा. पण भाजीच्या त्या तळहाताएवढ्या शेतात तोच चालायचा. फ्लॉवरच्या वाफ्यावर पाय फाकून उभा राहिल्यासारखा जायचा. चाकं दोन्हीकडच्या सऱ्यांमध्ये, वाफा पोटाखाली, आणि मागे तण उपटत जाणारं कोळपं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सासऱ्यांना क्लच दाबायची कायमची बंदी केली, तेव्हापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तिचा नवरा शहरात कारखान्यात, घरी यायचा तो रविवारी. गेल्या रविवारी त्याने चालवून पाहिला, तर चाकं वाफ्यावर चढली आणि फ्लॉवरची रोपं चिरडली.

"वाफेच वाकडे आहेत!" तो म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाईंनी तिथल्या तिथे ऐकवलं.

तो फणफणत संध्याकाळच्या बसने गेला, आणि सासऱ्यांनी बुटक्यावर पाणी सोडलं.

ती चहा गाळत होती. बुटका गेला की सगळं तण हाताने काढायचं. ते सासूबाईंच्या कमरेला झेपणार नाही. मग अर्धं शेत पडीक, मग सगळंच, आणि शेवटी नवऱ्याच्या मागोमाग शहरातली एक खोली. गाळणीत चहापत्तीचा गोळा साचत होता.

"मी चालवून बघू?" ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली. ते दवाखान्यात होते तेव्हा तिने भाजीचे क्रेट आणायला शेडपासून विहिरीपर्यंत बुटका नेला होता, हे त्यांना ठाऊक होतं. पण रस्त्यावर चालवणं वेगळं आणि रोपांवरून नेणं वेगळं.

"पाय तरी पोचतील का तुझे?"

"पाठीशी उशी घेईन."

"उशी!"

"भिंगरीची. बदकांची." भिंगरी म्हणजे तिची लेक, जागेवर न ठरणारी. "काका यायच्या आत एक वाफा करते, बाबा. एक रोप जरी मोडलं तरी किल्ली मीच त्यांच्या हातात देईन."

सासऱ्यांनी ताटली बोटाने तिच्याकडे सरकवली.

ती आधी शेतात गेली. नवऱ्याने बिघडवलेल्या वाफ्यापाशी उकिडवी बसली आणि बघतच राहिली. वाफ्याच्या दोन्ही कडा सारख्याच दबलेल्या होत्या. माणूस चुकला तर एका बाजूला चुकतो. दोन्हीकडे एकदम कसा चुकेल?

पलीकडे सासूबाई फावड्याने सरी मोकळी करत होत्या. या घरात वाफ्यांना टेप कधी लागलाच नव्हता. त्या फावड्याचा लांब दांडा आडवा टाकायचा, एका सरीपासून दुसरी सरी तेवढ्या अंतरावर, आणि बुटक्याची चाकं बरोबर तिथे पडायची.

"आई, जरा फावडं द्या हो." तिने ते शेडमध्ये नेऊन बुटक्याच्या मागच्या चाकांशी धरलं. दांडा वीतभर कमी पडला.

"आई! हा दांडा तोच का?"

"तोच की. यंदाचे वाफे पाडायच्या आधी मानेशी मोडला होता, तेवढा तुकडा कापून टाकला आणि परत ठोकून बसवला. का गं?" सासूबाई दारात आल्या, त्यांनी दांडा पाहिला, चाकं पाहिली, आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! अंगण खरंच वाकडं होतं की!"

दोघी हसत सुटल्या. हसू ओसरलं तेव्हा मात्र दोघींचे चेहरे उतरले. दांडा बदलता येईल. वाफे कसे बदलणार? रोपं लागलेली, मुळं धरलेली.

तेवढ्यात भिंगरी बदकासारखी फेंगडत आली. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्यात. रोजचंच. ती लेकीपुढे वाकली, तिच्या दोन्ही चपला काढल्या, अदलाबदल केली, आणि एक चप्पल हातात धरून तशीच थांबली.

बुटक्याच्या चाकांच्या मधल्या तबकड्या खोलगट होत्या, ताटलीसारख्या. आणि चाकं बसवली होती ती बाहेर फुगून. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं, तर तीच चाकं आत सरकतील.

"आई," ती म्हणाली, "बुटक्याने चपला उलट्या घातल्यात."

जॅकचा कुरकुर आवाज घरात पोचला असावा. सासरे काठी टेकत शेडच्या दारात आले.

"थांब, थांब! आधी नट सैल कर. चाक जमिनीवर आहे तोवर. हवेत गेलं की नुसतं गरगर फिरेल."

ते 'देऊन टाका' सोडलं, तर बऱ्याच दिवसांत त्यांनी आपण होऊन काढलेलं हे पहिलं बोलणं. मग स्टूल आलं, मग चहा आला, आणि मग ते थांबेनातच. पान्याला पाइप घाल. मागचं झालं, आता पुढची पण. नट समोरासमोरचे आवळ. असं नाही, पोरी, अंगाचं वजन टाक. तिने पाइपवर अक्षरशः उभं राहून नट आवळले. चारही चाकं बसल्यावर सासूबाईंनी फावड्याचा दांडा पुन्हा आडवा धरला. तंतोतंत.

पाठीशी बदकांची उशी घेऊन ती बसली तेव्हा काकांची पिकअप कुंपणाशी येऊन थांबली होती.

बुटका धडधडला. पहिला गिअर, क्लच हळू. पुढची चाकं सऱ्यांमध्ये उतरली आणि रुळावर आल्यासारखी चालू लागली. तिला आधी फक्त स्वतःच्या छातीतलं धडधडणं कळत होतं. इंजिनाचं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळेना. अर्ध्या वाफ्यापर्यंत तिने श्वासच घेतला नाही. मग मागे वळून पाहिलं. कोळप्यामागे माती भुसभुशीत, काळी, ओली; तण उलटं पडलेलं; आणि फ्लॉवरच्या रोपांच्या ओळी जशाच्या तशा, कान टवकारून उभ्या. तिला एकदम मोठ्याने ओरडावंसं वाटलं. म्हणून ती ओरडली. काय ओरडली ते तिलाही कळलं नाही.

"दादा," काकांनी डोळ्यांवर हात आडवा धरून विचारलं, "कोण चालवतंय ते?"

"चष्मा लाव की. माझी सून."

वाफ्याच्या टोकाला तिने एका बाजूचा ब्रेक दाबून बुटका जागच्या जागी गर्रकन वळवला. काकांनी शिट्टी वाजवली. एक वाफा म्हणता म्हणता ती चौथ्यात शिरली. सासरे मात्र पहिल्या वाफ्याच्या कडेने काठी टेकत, वाकून वाकून एकेक रोप बघत निघाले. टोकाला पोचल्यावर ते ताठ झाले.

"एकही नाही," ते म्हणाले.

"मग मी काय नेऊ?" काका म्हणाले. "रिकामी गाडी?"

"फ्लॉवर धरला की या, भावजी, भरून देते," सासूबाई म्हणाल्या आणि शेतातूनच मुलाला फोन लावला. "अरे, ऐक. तुझं खरं होतं. अंगणच वाकडं होतं. अन् तुझी बायको बघ येऊन... नाही, रविवारी नको, आजच ये!"

दिवेलागणीला न्हाणीघरात कोपरापर्यंतचं ग्रीस घासताना तिला हातोडीचे ठोके ऐकू आले. बाहेर येऊन बघते तर दाराशेजारी, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एक नवा खिळा. सासऱ्यांनी पदराला पुसावी तशी सदऱ्याच्या टोकाला किल्ली पुसली आणि तिथे अडकवली.

"वरच्या खिळ्याला तुझा हात पोचत नाही," ते म्हणाले, आणि गुडघा चोळत खुर्चीत बसले.

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण भिंगरी आधी बोलली. ती भिंतीकडे मान वर करून बघत होती. वरचा जुना खिळा किल्लीच्या घासण्याने गुळगुळीत झालेला, आणि त्याखाली भिंतीवर किल्लीच्या आकाराचा मळकट डाग.

"आई," तिने विचारलं, "मग आजोबांच्या खिळ्याला आता काय लावायचं?"